हकीम एलियाहूंचा दगड

सुरत, २६ सप्टेंबर १९९४

प्रिय पपा, शालोम.

तुमच्या पुस्तकासाठी इथल्या जुन्या ज्यू दफनभूमीतले लेख उतरवून झाले. हकीम एलियाहूंचा दगडही सापडला. साथीत त्यांनी शहर सोडलं नाही, रुग्णांजवळच वारले, असं त्यावर कोरलंय.

इथल्या प्लेगचं तुम्ही वाचलंच असेल. माझ्याबरोबर दगड घासणारे राखणदार सुकदेवभाऊ परवा तापाने पडले. "ताई, तुम्ही गाडी धरा," म्हणाले. त्यांचं इथे कुणी नाही, म्हणून मीच त्यांना दवाखान्यात नेलं. आज सकाळी ते गेले.

मी गोळ्या घेतेय. थोडा खोकला आहे, तो धुळीचाच असेल. आईची दाढ कशी आहे?

शिमशोनदादाला मला न्यायला पाठवू नका. घरात लहान मुलं आहेत, एवढंच त्याला सांगा.

तुमची लाडकी,
हन्ना