निझवाच्या किल्ल्यातलं न्हाणीघर

३० सप्टेंबर, मंगळवार. मस्कत.
स्टाफ पिकनिक ठरली. शनिवारी निझवाचा किल्ला. हिस्टरीच्या एचओडीची पोस्ट रिकामी, आणि प्रिन्सिपल मॅडम स्वतः येणार. दावेदार दोघंच. मी आणि कल्याणची ऋजुता. तिला इथे येऊन जेमतेम वर्ष झालंय. किल्ल्यातलं तिला काय कळतंय, डोंबल! लहानपणी ठाकुर्लीत आबा आणि मी दिवाळीचा किल्ला केलेला, त्याला बिल्डिंगमध्ये तिसरं बक्षीस होतं. त्यामुळे वाचून जायची गरज नाही.
संकल्प: सगळ्यांना किल्ला मीच समजावणार.

२ ऑक्टोबर, गुरुवार.
संचिताला फोनवर म्हटलं, नवरा एचओडी झालाच समज. संध्याकाळपर्यंत ठाकुर्लीत अख्ख्या बिल्डिंगला कळलेलं. हिच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. असो. खोटं थोडंच आहे?

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ११.
शी! एसी बस, खिडक्या बंद, आणि पीटीच्या देवेशने उकडलेली अंडी सोलली. सहा. वर हा कसला किल्ला? चढण नाही, घाम नाही, पार दरवाजापर्यंत बस! आल्या आल्या हातावर चिकट खजूर. बोटं अजून चिकटतायत. ऋजुता वही घेऊन फिरतेय. चमचेगिरी.

दुपारी २.
एका खोलीत जमिनीला चर, कोपऱ्यात खड्डा. ताबडतोब ओळखलं. न्हाणीघर! मॅडमना म्हटलं, उतार बघा. बाटलीतलं पाणी ओतूनच दाखवलं. ऋजुता ओरडली, अहो सर, थांबा! म्हणे इथे खजुराची पोती रचायचे, त्यांचा पाक चरांतून खाली साठायचा, आणि तोच उकळून शत्रूवर ओतायचे. ई! रखवालदार धावत आला, फडकं माझ्याच हातात दिलं. गुडघ्यावर बसून पुसलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. इम्प्रेस झाल्या असणार.

५ ऑक्टोबर, रविवार.
एचओडी ऋजुता. पॉलिटिक्स! किळस आली या शाळेची. माझ्याकडे केजीच्या पोरांचा दिवाळीचा मातीचा किल्ला. संचिताला कळवलं, फोर्ट इन्चार्ज झालो.

संध्याकाळी ६.
आबांचा फोन. म्हणाले, सूनबाई पेढे वाटतेय. दिवाळी तोंडावर आलीय, म्हणजे मातीचाच किल्ला ना रे? मग पाणी दुसऱ्या कुणाला तरी ओतू दे. लहानपणी आपल्या किल्ल्यावर तू बादली उपडी केलेलीस, बुरूज गटारात गेलेला.
म्हटलं, तरी तिसरं बक्षीस मिळालंच ना!
आबा म्हणाले, अरे, किल्लेच तीन होते.