काकांच्या बाटलीत कोणता फेज?

बुलढाणा, मंगळवार, संध्याकाळ

सौरभदादा बाटली देऊन गेला तेव्हापासून मले चैन नाही.

फेज म्हणजे बॅक्टेरियाले मारणारा व्हायरस. गटाराच्या पाण्यातही सापडतो. म्हणून तर मी दादाच्या फेज शोधणाऱ्या ग्रुपसाठी देऊळघाटच्या नाल्यातून सॅम्पल भरून आणतो. इकडं काकांच्या पायाची जखम अँटिबायोटिक बदलून बदलूनही भरून नाही राह्यली. डॉक्टर म्हणतात, बोटं कापा लागतील. आणि आज दादा म्हणतो, "तुह्याच नाल्यातून औषध निघालं. लाव बिनधास्त."

पण प्रत्येक फेज ठरावीक बॅक्टेरियालेच मारतो, हे मले दादानंच शिकवलं. मग काकांच्या जखमेतला पू त्यानं तपासायला नेला कधी? नेलाच नाही. विचारलं तर हसला. "तुले लय डाउट येते बे."

काकूनं बाटली देवघरात अंगाऱ्याच्या डबीशेजारी ठेवली. नाल्यातलं आहे हे तिले कोण सांगणार? काका तर पट्टी सोडूनच बसले होते. "लाव ना बाबू, काऊन थांबला?"

पू नेलाच नाही. मग हे औषध कोणाच्या जखमेसाठी बनलं? का नुसतं गाळलेलं पाणी आहे? दादा खोटं बोलतो, का त्यालेच घाई झाली? आणि त्याले घरी आणलं कोणी? मीच. काकांले आशा लावली, तीही मीच.

शेवटी म्हटलं, "काका, उद्या आधी डॉक्टरांले दाखवू."

काका सोडलेली पट्टी स्वतःच परत गुंडाळत बसले.