माझ्यासाठी रंगवलेली खोली

आई,

तुला जाऊन आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत मी तुझ्याशी मनातल्या मनातसुद्धा फारसं बोलले नाही. आज बोलतेय ते प्रेमानं नाही, हे आधीच सांगते. गेल्या गुरुवारी दुपारी ती आली होती. फिनलंडची. आपल्या लालबागच्या घरात दहा महिने राहिली ती. तिला तू 'बाय' म्हणायचीस. मला कधीच म्हणाली नाहीस. मला नावानं हाक मारायचीस, तीही शाळेतल्या हजेरीसारखी, आडनावासकट.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. कॉलेजची योजना अशी की तिकडची एक मुलगी वर्षभर आपल्याकडे राहून इथे शिकणार आणि पुढच्या वर्षी आपली मुलगी तिच्या घरी राहून तिकडे शिकणार. बाबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. घरात आपण दोघीच, खोल्या दोन, आणि तुझी परळच्या हॉस्पिटलातली नर्सची नोकरी. मला वाटलं होतं तू अर्ज फाडून टाकशील. पण तू म्हणालीस, "येऊ दे. एक पोर जेवली जास्त तर काय होतंय?" मी वेडी, आनंदानं नाचले. खिडकीजवळची माझी कॉट तिला दिली आणि वर्षभर जमिनीवर झोपले. मला त्याचं काही वाटलं नाही. पुढच्या वर्षी माझी पाळी होती.

ती आली तेव्हा बादलीतून अंघोळ कशी करतात हे तिला ठाऊक नव्हतं. तू तिला तांब्या हातात देऊन शिकवलंस, लहान पोरीला शिकवतात तसं. पहिले आठ दिवस ड्युटीवर जाण्याआधी तिला चिंचपोकळी स्टेशनपर्यंत चालत सोडून आलीस. मसाल्याच्या दुकानावरून जाताना ती शिंकून शिंकून लाल व्हायची आणि तू पदरानं तिचं नाक पुसायचीस. मला अजून ते स्वयंपाकघर दिसतं. तू पाटावर बसलीयस, समोर तिचं ताट, आणि तू बांगड्याचे काटे काढून एकेक तुकडा तिच्या भातावर ठेवतेयस. "काटो बघून खा गो बाय." ती तो शब्द वहीत लिहून घेते. काटो. मी सहज म्हणते, माझ्या तुकड्यातले पण काढ ना. तू मान वर न करता म्हणतेस, "तुझे हात झडले काय?" ती हसते. तिला वाटतं, आपल्याकडे असंच गमतीनं बोलतात.

गणपतीत तर तू कमालच केलीस. राजाच्या रांगेजवळच्या गर्दीत तिचा हात माझ्या हातातून सुटला. दीड तास मी गल्ल्यागल्ल्यांतून तिच्या नावानं ओरडत फिरले. शेवटी सापडली ती एका मंडळाच्या टेबलामागे, कार्यकर्त्यांनी दिलेला शिरा खात, अगदी मजेत. घरी आल्यावर तू सगळ्या मजल्यासमोर माझ्या कानाखाली वाजवलीस. मी अठरा वर्षांची होते, आई. शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. तू ओरडलीस, "दुसऱ्याची पोर आहे ती! तिच्या आईनं विश्वासानं पाठवलीय. हिला काय झालं असतं तर त्या बाईला मी काय तोंड दाखवलं असतं?" मी रडत म्हटलं, मी पण त्याच गर्दीत होते. ते तू ऐकलंस की नाही कोण जाणे. तू तिचे पाय धुवायला गरम पाणी ठेवलं होतंस.

हे सगळं मी गिळलं. हिंदमाताला जाऊन तिला निरोपाची साडी घेतलीस, दुकानदाराला "माझी धाकटी" म्हणून सांगितलंस, तेही गिळलं. एप्रिलमध्ये ती गेली. आणि मे महिन्यात, घामानं निथळत, तू दादरच्या फुटपाथवरून माझ्यासाठी लोकरीचा स्वेटर आणलास. निळा. "घालून दाखव," म्हणालीस. मी घातला, तू बाह्या ओढून मापं बघितलीस, म्हणालीस, हात लांब झालेत तुझे. तेवढा एक दिवस मला वाटलं होतं की माझीही आई आहे.

पुढच्या आठवड्यात तू कॉलेजात ती योजना बघणाऱ्या मॅडमना भेटून आलीस. चप्पल काढता काढता म्हणालीस, "ते रद्द झालं तुझं. तिकडच्यांना जमत नाही म्हणे. आता मॅडमना विचारत बसू नको, त्या बाईलाच वाईट वाटतंय." आणि कुकर लावायला गेलीस. मी नाही विचारलं कुणाला. विचारायची लाज वाटली. दहा महिने आमच्या घरी जेवून गेली आणि यांना आता मी जड झाले, एवढंच डोक्यात बसलं. तिची दोन पत्रं आली. ती मी न उघडता तुझ्यासमोर फाडली. तू मेथी निवडत होतीस. बघत होतीस.

मग काय, बी.कॉम. केलं, गिरगावातल्या एका ऑफिसात लागले, तिथेच आहे. लग्न करून दादरला आले. शेवटची दोन वर्षं तू माझ्याच घरी होतीस, माझ्याच हातचं जेवलीस. सांगायला वेळ भरपूर होता.

तर गुरुवारी ती आली. फोनवर शोधून काढलं तिनं मला. केस पांढरे व्हायला लागलेत, चष्मा आहे. मराठी अजून बोलते, पुस्तकातलं आणि मधेच तुझं मालवणी. तुझ्या फोटोसमोर उभी राहून रडली. मला रडू आलं नाही, उलट रागच आला. मी चहा ठेवला. चहा पिता पिता तिनं विचारलं, अगदी साधेपणानं, "तू का नाही आलीस? माझ्या आईनं तुझी खोली रंगवली होती. पिवळी. ऑगस्टपर्यंत तिनं वाट पाहिली." मी म्हटलं, नकार तुमच्याकडूनच आला ना? ती गोंधळली. "नाही, नाही. तुझ्या आईनं पत्र लिहिलं. तुला यायचं नाही म्हणून." तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. तिच्या आईनं ते पत्र जपून ठेवलंय. तुझं अक्षर मला लांबूनही ओळखू येतं, केसपेपरवर लिहायचीस तसलं तिरकं. तुझ्या मोडक्या इंग्रजीत चार ओळी. माझी मुलगी घाबरते, यायला तयार नाही, आपल्याला त्रास झाला, क्षमा करा.

ज्या बाईला तोंड कसं दाखवू म्हणून मला मारलंस, तिलाच खोटं लिहिलंस. मलाही खोटं सांगितलंस. वीस वर्षं मी त्या लोकांना शिव्या घातल्या आणि तू मांडी घालून ऐकत बसलीस. मावशीला विचारलं तर म्हणेल, एकटी पडली असती गं ती. पडली असतीस. मग तसं म्हणायचं होतंस. 'जाऊ नको, मला भीती वाटते,' एवढे पाच शब्द. मी भांडले असते, रडले असते, कदाचित राहिलेही असते. पण मग राहणं माझं असतं. तू ते माझ्याकडून मागून घेतलं नाहीस, चोरून घेतलंस. आणि वर एका परक्या घरात माझं नाव भित्री म्हणून लावून ठेवलंस. तुला मी माफ केलेलं नाही. पुढे करेन असंही वाटत नाही.

हे वहीत लिहितेय आणि वहीतच राहणार. मावशीलाही दाखवणार नाही. फक्त एक गोष्ट उरलीय. ते पत्र दाखवून झाल्यावर तिनं पुन्हा विचारलं, "तू खरंच घाबरली होतीस?" सगळं सांगायला तोंड उघडलं होतं मी. आणि म्हणाले, "हो गं. मलाच नव्हतं यायचं. थंडीचं ऐकूनच घाबरले." ती हसली, म्हणाली, आता घरी गेल्यावर आईला सांगते, ती अजून विचारते. का बोलले तसं, ते मला चार दिवस कळत नव्हतं. आज कळलं, आणि कळल्यावर तुझा आणखीच राग आला. तिच्यासमोर तू खोटारडी ठरलेलं मला बघवलं नसतं.