शेजारणीची पात

एकोडी
१२ जानेवारी २०२५

ती. रंजूताईले गुंजनचा सा. न. वि. वि.

होस्टेलवाले तुहा मोबाईल ठेवून घेतात, म्हणून चिठ्ठी लिहून राहिली. ताई, मी कंपनीत शर्टाले कॉलर लावते! साकोलीच्या रस्त्यावर चाळीस मशीनचं शेड झालं. मशीन अशी पळते का घरची पायाची मशीन आता बैलगाडी वाटते.

पण घोळ झाला. माहे कॉलर सरले, अन् शेजारच्या रुखमापुढं कफांचा ढीग पडून होता. धानाच्या रोवण्यात आपल्या वाट्याची पात सरली का आपण शेजारणीच्या पातीत शिरतोच ना? तशीच मी उठली अन् तिचे कफ शिवू लागली. सुपरवायझर ललिताबाईनं जागा सोडली म्हणून माहं नाव वहीत लिहिलं. ३१ तारखेले कामावर पक्क्या केलेल्या बायांची यादी लागते. नाव नसलं तर मलेबी तुह्यासारखं घर सोडा लागन. लय भेव वाटते.

माया करतेस तशीच करत राहा.
तुही गुंजन

तिरुपूर
२० जानेवारी

चि. गुंजनले अनेक आशीर्वाद.

येडे, ते का आपली धानाची बांधी आहे? मी इथं कंपनीत सहा वर्षं मशीनवर मान खाली घालून बसली, संडासले जायालेबी पास मागते. यादी लागेपर्यंत रुखमाकडं पाहू नोको. नाव नाही आलं तर माह्याजवळ ये. पण खरं सांगू, तू इथं येऊ नये असंच वाटते.

कॉलर लावते म्हणे! बाहुलीच्या झग्याले तीन बाह्या लावणारी तूच ना?

आईबाबाले नमस्कार, तुले गोड पापा.
रंजू

एकोडी
२ फेब्रुवारी

ती. ताईले नमस्कार.

तुहं ऐकलं नाही, आधीच सांगते. मोठी ऑर्डर आली, रुखमाचा ढीग पुन्हा वाढला. मी उठाच्या आधी मागच्या दोघी उठल्या, मग साऱ्याच एकमेकींच्या कामात शिरल्या. माल एक दिवस आधीच सरला. ललिताबाई वही घेऊन आल्या, पण नाव लिहावं कोणाचं?

परवा यादी लागली. माहं नाव होतं, रुखमाचं नव्हतं. मी पक्क्या कामाच्या कागदावर सही करेना, तर मॅनेजरनं कारण विचारलं. मी म्हटलं, "साहेब, आमची पात संगंच सरते." मागं पाहते तर अठरा बायांनी पेन खाली ठेवलेले. मग ललिताबाईच बोलल्या, रुखमा हळू शिवते पण तिचा एकबी कफ परत येत नाही. त्यांनीच आपल्या हातानं तिचं नाव यादीत लिहिलं.

मी सही केली, ताई! आता मी घरीच राहीन. अन् अजून सहा बाया पाहिजेत म्हणतात. अर्ज सोबत पाठवते. तुहं नाव मी लिहिलं आहे, सही तेवढी कर.

वाट पाहून राहिली,
तुही गुंजन