फळ्यावरचे बिल्ले

२९ सप्टेंबर, सोमवार

क्युपर्टिनोहून विवेकचा फोन. "काका, सोनं कधी लागणार? सगळे विचारतायत यार." सगळे म्हणजे आमचे भागीदार. चिपवाले आणि सॉफ्टवेअरवाले. त्यांना वाटतं सोनं डाउनलोड होतं. म्हटलं, डोंगराला विचारून कळवतो.

नेवाडात थंडी पडायला लागली. गुडघा बोलतोय.

या खाणीत मी भागीदार, आणि इथला सेफ्टी मॅनेजरही मीच. कॉलेजात सर सांगायचे की चारशे वर्षांपूर्वी जर्मनीत राजाचे खाणअधिकारी ज्या खाणीवर देखरेख करायचे, तिच्यातच हिस्सा घ्यायचे. वर्गात हसायचो आम्ही. पुढे चंद्रपूरकडे खाणींचा इन्स्पेक्टर झालो तेव्हाही हसायचो. आता या विषयावर हसू येत नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. सुनीता सकाळपासून मागे लागलेली. "अहो, अवजारं खाणीवर आणि पूजा घरी स्क्रूड्रायव्हरची? मला घेऊन चला." पाळी सुटायच्या वेळेला घेऊन गेलो. ड्रिल, हेल्मेटं, गॅस मीटर, सगळ्यांना हळदकुंकू. कामगारांनी टोप्या काढल्या. पेढे खाल्ले. शिफ्ट बॉस टॉमने तीन उचलले.

संध्याकाळी सुरुंग उडवले. पंप सांभाळणारा रे आत होता.

२ ऑक्टोबर

दसरा. रेला दुपारी बाहेर काढलं. सगळ्यात खालच्या पंपापाशी सापडला. पूजेला-पेढ्यांना न थांबता पंप बिघडलाय का बघायला उतरला असणार, त्याला गोड चालत नसे.

बोगद्याच्या तोंडाशी फळा आहे. डावीकडे आत, उजवीकडे बाहेर. उतरताना आपला पितळी बिल्ला डावीकडे टांगायचा, वर आलं की उजवीकडे. डावी बाजू रिकामी असल्याशिवाय सुरुंग उडवायचे नाहीत. टॉमने फळा बघितला होता. सगळे बिल्ले उजवीकडे. रेचाही.

सु. दिवसभर रडली. सोनं म्हणून आपट्याची पानं मुलीने पाठवली होती, ती पाकिटातच राहिली.

४ ऑक्टो.

लिहून टाकतो. कुठेतरी असायला हवं.

सु.ने बिल्लेही ताटात घेतले होते. दोन्ही बाजूंचे. कुंकू लावून परत टांगले, सगळे उजवीकडे, एका ओळीत. फळ्यावरची आत-बाहेर ही अक्षरं केव्हाच पुसली गेलीत, तिला कसं कळणार? रंगवून घ्यायचं काम माझं. मी शेजारीच विवेकशी फोनवर. "असेच लावायचे ना हो?" तिने विचारलं. मी हात हलवला. हो, हो.

मी बघत होतो. डोळ्यांसमोर ताट होतं आणि कानात भागीदार.

तिला ठाऊक नाही.

६ ऑक्टो.

इन्स्पेक्टर आला. तरुण आहे, बूट स्वच्छ. फळ्याचे फोटो काढले. बिल्ल्यांवरचा लाल रंग कसला? म्हटलं, आमच्यात पूजा असते, आशीर्वाद म्हणून. त्याने आदराने मान डोलावली आणि पुढे गेला.

पूजा कधी केली, हे विचारलंच नाही. मी असतो तर पहिला प्रश्न तोच. मनातल्या मनात त्याला झापला. आणि गप्प बसलो.

८ ऑक्टो.

विवेकला सांगितलं. एकट्यालाच. मग: "काका, बोर्डवर जे होतं तेच सांगायचं. बिल्ला बाहेर होता. खोटं थोडंच आहे?"

म्हटलं, म्हणजे रे बिल्ला न हलवता उतरला.

"मी तसं नाही म्हणत. रिपोर्ट म्हणेल. आणि काकूंना कशाला यात ओढायचं? त्या नाही सहन करू शकणार."

खरंय, नाही करू शकणार. पण हे वाक्य कानाला इतकं गोड लागलं की माझीच मला किळस आली. बायकोच्या पदराआड लपायचं ते या वयात.

११ ऑक्टो.

रेचा फ्युनरल. चर्च छोटं, माणसं बाहेरपर्यंत. सु. पूर्ण वेळ लिंडाचा, रेच्या बायकोचा, हात धरून उभी. पांढरी साडी नेसली होती. इथे काळं घालतात हे मी सांगायला विसरलो, पण कुणाला खटकलं नाही.

टॉम जवळ आला. चेहरा उतरलेला. सुरुंगाचं बटण त्याने दाबलं होतं. म्हणाला, "रे विसरला असेल. एकदाच विसरला असेल." माझ्याकडे बघत राहिला. त्याला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. मी हो म्हणून मान हलवली. काय केलं मी हे! एका मान हलवण्यात मेलेल्या माणसावर शिक्का मारला.

१३ ऑक्टो.

सनीव्हेलहून ऋचाचा फोन. "बाबा, इट वॉजन्ट युअर फॉल्ट, राइट?" म्हटलं, इथे फार थंडी आहे. "बाबा?" मग आईला फोन दिला.

जेवण जात नाही. सु.ने खिचडी केली, वर तूप. खाल्ल्यासारखं केलं.

१५ ऑक्टो.

परवा दहा वाजता जबाब. विवेकने वकील ठरवलाय. वकील सांगतो, विचारतील तेवढंच बोला. चंद्रपूरला माझ्यासमोर बसणारे मॅनेजर हेच करायचे. विचाराल तेवढंच. मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायचो.

फळ्यावर आत-बाहेर रंगवून घेतलं आज. पांढऱ्याशुभ्र ठळक अक्षरांत. कामगार बघत होते.

१६ ऑक्टो.

सु. दुपारी लिंडाकडे डबा घेऊन गेली होती. आल्यावर चपलाही न काढता खुर्चीत बसली.

"लिंडा रडत नाही हो. चिडते त्याच्यावर. म्हणते, इतकी वर्षं खाणीत काढलीस आणि एक बिल्ला हलवता आला नाही? फोटो उलटा करून ठेवलाय तिने त्याचा."

मी पेपर घेतला.

"बिल्ला आत असला की माणूस आत, असंच ना?"

हो म्हटलं.

"मग मी ते ताटात घेतले तेव्हा..." थांबली. बोटांनी हवेत फळा काढला, डावीकडे, उजवीकडे. "अहो, तेव्हा ते दोन्हीकडे होते का हो?"

लिहायचंय म्हणून उठलो आणि या खोलीत आलो. मागोमाग आली. दारात उभी आहे. रागावलेली नाही, तेच कठीण आहे. म्हणाली, "लिहून झालं की सांगा."

अजून लिहितोच आहे.