दर्पणदादाची डिझेल मोटारसायकल विकण्याबाबत

कुंभवली,
रविवार, दुपारी जेवून

तीर्थरूप दर्पणदादास,

धाकट्या केतनचा वाकून नमस्कार. (तीर्थरूप लिहायचं की प्रिय, यावर रुचिताचा आणि माझा अर्धा तास वाद झाला. तिचं म्हणणं, मोठा भाऊ तीर्थरूपच असतो, मग तो सहा वर्षं घरी फिरकला नाही तरी. बायकोपुढे माझं काय चालतं ते तू जाणतोस.)

इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण त्याच्यापेक्षा आईच जास्त कुरकुरते, त्यामुळे काळजी नसावी. दिशा दुसरीत गेली. ती तुला फोटोवरूनच ओळखते आणि तुझ्या मिश्यांना घाबरते. मिश्या अजून आहेत का, वेरावळची हवा सोसते का, बोटीवरचे खलाशी तुझं ऐकतात का, सगळं सविस्तर कळव. फोनवरच विचारलं असतं, पण फोनवर तू "बरं हाय, बरं हाय" म्हणतोस आणि तिसऱ्या "बरं हाय"ला तुझी रेंज जाते. पत्राची रेंज जात नाही, म्हणून कागद घेऊन बसलो आहे.

तुझा निरोप मिळाला. "गाडी विकून टाक, मी काय आता येत नाय." नेमका नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पाठवलास. आई सकाळपासून करंज्यांच्या तयारीला लागली होती, कारण पुनवेला तरी तू येशील असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. तिला मी तुझ्या निरोपातले पहिले तीन शब्द वाचून दाखवले. बाकीचे पाच माझ्याकडेच ठेवले आहेत.

तर दादा, गाडी विकायला मी एका पायावर तयार आहे. (दुसरा पाय सध्या वर करून बसलोय. गुरुवारी किक उलटी बसली आणि नडगीवर कोहाळ्याएवढी सूज आली.) तू ती गाडी बनवलीस आणि जेमतेम एक दिवस चालवलीस. मी सहा वर्षं चालवतोय. बाबांच्या होडीचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन काढून जुन्या मोटारसायकलच्या सांगाड्यात बसवायचं, ही कल्पना ज्याला सुचली त्याने निदान एकदा तरी त्यावर बसून बोईसरला कामावर जायला हवं होतं. रुचिता डब्यात वरण आणि भात वेगवेगळे देते, कंपनीत पोचेपर्यंत त्यांची खिचडी झालेली असते. आरशात मागचं एकच वाहन सहा-सहा दिसतं. डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्ही रस्ता फोडायच्या मशीनवर काम करता का? मी हो म्हणालो. खरं सांगितलं असतं तर तेही खाली येऊन गाडी बघत बसले असते आणि बाहेरचे पेशंट माझ्या नावाने खडे फोडत राहिले असते.

कारण गाडीचा त्रास एक वेळ सोसवेल, पण बघणारी माणसं सोसवत नाहीत. गाडी उभी केली की माणसं जमतात. ओळख ना पाळख, सरळ खाली वाकून इंजिनात डोकं घालतात. पहिला प्रश्न, डिझेलवर चालते का? दुसरा, ॲव्हरेज काय देते? तिसरा, घरी बनवली का? रामूकाकांच्या मयताला गेलो होतो, तर तिथे तिरडीला खांदा दिलेल्या माणसाने खांदा न काढता मान वळवून मला ॲव्हरेज विचारलं. (मी सांगितलं. काय करणार, पुढे बरंच अंतर चालायचं होतं.) आणि सगळं विचारून झालं की शेवटी डोळे बारीक करून प्रत्येक जण विचारतो, एवढं असून तुम्हाला ही गाडी इतकी का आवडते? अरे, आवडते असं म्हणालं कोण? पण लोकांचं गणित सरळ आहे. असली गाडी जो सहा वर्षं चालवतो त्याला ती आवडतच असणार, नाहीतर त्याच्या डोक्यात बिघाड असणार. दुसरं उत्तर मला द्यायचं नसतं, म्हणून मी पहिलं देतो. एकाला सांगितलं, दणकट आहे. एकाला सांगितलं, लष्करातली आहे. एका मास्तरांना सांगितलं की बायकोला फार आवडते. दुर्दैवाने रुचिता मागेच बसली होती. ती उतरून रिक्षाने घरी गेली आणि दोन दिवस माझ्याशी फक्त दिशामार्फत बोलत होती.

पंपावरची तऱ्हा तर विचारूच नकोस. मी डिझेलच्या रांगेत लागलो की मागचे टेम्पोवाले ओरडतात, "अरे भाई, ये डिझेल है, डिझेल!" त्यांना वाटतं मी अडाणी आहे किंवा आत्महत्येचा हा काही नवा प्रकार आहे. गेल्या वर्षी पंपावर एक नवीन माणूस लागला होता, भला माणूस, अगदी पापभीरू. मी डिझेल म्हणालो, तो हसला. मी पुन्हा म्हणालो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी सुटे पैसे काढायला खाली बघितलं तेवढ्यात दयाबुद्धीने टाकीत पेट्रोल भरलं. वर मला म्हणतो, "टेन्शन मत लो, हम हैं ना." गाडी अडीचशे पावलं गेली आणि असा एक आवाज काढून बंद पडली की समोरच्या झाडावरचे बगळे उडाले. ती सबंध दुपार मी रस्त्याच्या कडेला टाकी उतरवून धूत बसलो होतो, आणि भोवती माणसं उभी राहून एकमेकांना सांगत होती की याला गाडीचं भारी वेड आहे.

कंपनीतही तेच. गेटवरचा शिवाजी मला आत सोडण्याआधी रोज नव्याने हसतो. मार्चमध्ये लाइट गेली तेव्हा मी गेटबाहेर गाडी सुरू करत होतो. जनरेटरवाल्याने तो धडधडाट ऐकला, जनरेटर आपोआप सुरू झाला असं समजला आणि समाधानाने चहा पीत बसला. सबंध शिफ्ट अंधारात उभी, आणि हा सगळ्यांना हाताने खूण करतोय की थांबा, आवाज आलाय, आता येईल. चौकशीत शेवटी ठपका माझ्या गाडीवर आला. तेव्हापासून ती गेटपासून शंभर पावलांवर लावायची असा लेखी हुकूम आहे.

पण हे सगळं मी गिळलं असतं. कहर झाला तो आपल्या गावी, मुरब्याला. तू बसवलेला सायलेन्सर जूनमध्ये खड्ड्यात पडला आणि इंजिनाचा मूळ आवाज मोकळा झाला. मी आईला औषधं द्यायला बंदराच्या रस्त्याने येत होतो. ऐन मासेमारीबंदीचे दिवस, एकही होडी पाण्यात नाही, सगळ्या वर ओढून प्लॅस्टिकखाली झाकलेल्या. तरी मी वळणावर आलो आणि बघतो तर मंदामावशी पाटी घेऊन बंदराकडे पळतेय, तिच्यामागे आणखी चौघी. आपल्याकडच्या बायका होडी बघून नाही, ऐकून ओळखतात. कान आधी धावतात, बंदी आहे हे डोक्यात मागून येतं. सगळ्यांच्या पुढे आपली आई होती, तो गुडघा घेऊन. मला बघून सगळ्या हसल्या, मंदामावशीने तर मला मासळीचा भाव विचारला. आईही हसली. मग पाटी खाली ठेवून मला म्हणाली, "मना वाटला दर्पण आला." मी तिला औषधं दिली. नवा सायलेन्सर मात्र अजून बसवलेला नाही. (गाडी विकायचीच आहे, मग उगाच कशाला बसवा.)

आता बंदराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, त्या दिवशी मी तुला तिथे जे बोललो त्याच्याशी या पत्राचा काही संबंध नाही. होडी खडकावर गेली तेव्हा सुकाणू तुझ्या हातात होतं हे खरं, आणि त्या वाऱ्यात ते कोणाच्याही हातात असतं तरी तेच झालं असतं हेही खरं. तू चार महिने खपून ते इंजिन वाचवलंस, गाडी सुरू झाली, सगळं गाव टाळ्या वाजवत होतं, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बापसाची होडी बुडवलीस, नि आता खेळनी करून फिरतोस." तू किल्ली माझ्या हातात दिलीस आणि आठवड्याने वेरावळला निघून गेलास. मला वाटलं एक हंगाम करून येशील. असो. तो या पत्राचा विषय नाही असं वर लिहिलंच आहे.

विषय असा, की गिऱ्हाईक मिळालंय. पालघरचा बबलू नावाचा माणूस आहे, त्याचं केळव्याकडे रिसॉर्ट आहे. त्याने मला भर चौकात थांबवलं, गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि एकदाही ॲव्हरेज विचारलं नाही. मला भरून आलं. मग त्याने सांगितलं की ती त्याला गेटवर उभी करायची आहे, सीटवर झेंडूच्या कुंड्या, चाकांत रंगीत दिवे, लोक बाजूला उभे राहून फोटो काढतील. इंजिन तो काढून भंगारात देणार, कारण नुसतं वजन. येत्या रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. मी त्याला हो म्हणालो. तुझाच निरोप तसा आहे, त्यामुळे माझा नाइलाज आहे, आणि खरं सांगायचं तर मी आता थकलो.

त्याच आठवड्यात एक झालं. आमच्या खात्यात सुका म्हणून हेल्पर आहे, बेटेगावचा. त्याची बस चुकली म्हणून मी त्याला घरी सोडलं. अंगणात त्याची आई, जिवली, सुपात नाचणी पाखडत बसली होती. ती उठली, गाडीजवळ आली, गरम टाकीवर तळहात ठेवला. मी मनातल्या मनात तिन्ही उत्तरं तयार ठेवली. तिने विचारलं, "कोनाची हाय ही?" दादा, सहा वर्षांत मला हे कोणीच विचारलं नव्हतं. मी म्हणालो, माझ्या भावाची. ती म्हणाली, "मंग तो कदी येल न्यायाला?" आता त्या बाईला पाच शब्दांचा निरोप कसा सांगायचा? मी म्हणालो, दिवाळीला येईल. माझ्या तोंडून ते इतकं सहज गेलं की क्षणभर मलाच खरं वाटलं. पुढची गोष्ट अशी की सुकाच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या बसमध्ये सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

असो. गाडीबद्दल तुझा काय तो शेवटचा निर्णय रविवारच्या आत कळव, म्हणजे मी सुटलो. आईचा तुला आशीर्वाद, रुचिताचा नमस्कार, दिशाचा दुरून पापा.

तुझा त्रासलेला भाऊ,
केतन

ता. क. गाडीचे कागद तुझ्या नावावर आहेत. विक्रीच्या फॉर्मवर तुझी सही लागते आणि ती समक्षच करावी लागते, त्यामुळे तुला एक दिवसासाठी का होईना यावं लागेल. माझा आग्रह नाही, सरकारी नियमच तसा आहे.

ता. क. २. रुचिताने पत्र वाचलं आणि वरचं खोटं आहे हे तुला कळवायलाच हवं असं तिचं म्हणणं पडलं. फॉर्म टपालाने पाठवता येतो. बबलूने तो मला दिलाही होता. तो मी फाडला. मग बबलूला फोन करून टेम्पो आणू नकोस म्हणून सांगितलं. तो चिडला. तेवढी एक गाडी तुम्हाला इतकी का आवडते, म्हणाला. मी पहिल्यांदाच काहीही उत्तर न देता फोन ठेवला.

ता. क. ३. कालच पाकीट चिकटवणार होतो, पण आज पंपावर गेलो होतो म्हणून पुन्हा उघडलं. तोच भला माणूस होता. त्याने न विचारता डिझेल भरलं आणि म्हणाला, "आपके दादा आ रहे हैं ना दिवाली में?" (सुकाची बस त्याच पंपावर थांबते.) मागचा टेम्पोवाला खाली उतरून ऐकत उभा राहिला, पलीकडच्या रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. ॲव्हरेज कोणीच विचारलं नाही. दादा, खेळणं म्हणालो ते माझं चुकलं. तेव्हाच, म्हणता म्हणताच कळलं होतं, पण तोंड फिरवलं ते फिरवलं. मी त्या सगळ्यांना हो म्हणून बसलोय. आता तू ये.