खुंटांभोवती उभ्या होड्या

मुरुड, रविवार, कार्तिक, १९३५



आज शेजारच्या गावच्या होड्या समुद्रातले आमचे जाळ्याचे खुंट उपटून आपले रोवायला आल्या. गावाचे म्होरके असलेल्या माझ्या काकांनी आमच्या साऱ्या होड्या खुंटांभोवती उभ्या केल्या. "वल्हं उगारायचं न्हाय, नुसतं धरायचं," एवढंच म्हणाले. समोरच्या होडीत त्याच गावी दिलेल्या माझ्या ताईचा नवरा. तो ओरडला, "काय रं मास्तर, पेपर वाचणारा तू. वल्हं झेपतं का?" मी वल्हं नुसतं धरून ठेवलं. थोडा वेळ शिवीगाळ झाली आणि ते परत फिरले.

पण फिरले नसते तर? मी त्याच्या डोक्यात वल्हं घातलं असतं? ताईच्या कुंकवावर?

सकाळीच मी सगळ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं. इटलीचं सैन्य आफ्रिकेतल्या अबिसीनियात घुसलंय आणि बाकीची राष्ट्रं नुसते ठराव करतायत. मारामारीनं काही सुटत नाही, असं मीच तेव्हा सांगितलं होतं. आता वाटतं, कोणी वेळेवर इटलीच्या वाटेत जहाजं उभी केली असती, तर कदाचित एकही गोळी सुटली नसती. मात्र उभं राहणाऱ्याची मारायचीही तयारी हवी, नाहीतर समोरचा ओळखतो. माझी होती का? बहुधा होती. भीती त्याचीच वाटते.

दिवेलागणीला तिकडच्या पाटलांचा निरोप आला, उद्या आमच्या गावात या, बसून बोलू. जीव जरा भांड्यात पडला. काका म्हणाले, "होड्या तयार ठेवा. आन् मास्तर, ताईसाठी सुके बोंबील बांधून घे."